अख्ख्या लाकडाचं उकुलेले

३ एप्रिल, सोमवार

वर १४८, खाली ९०.

ही वही डॉक्टरने दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा आणि लिहायचा, एवढंच काम. पण दोन आकड्यांनी काय पान भरतंय? आणि कोरा कागद फुकट घालवणं माझ्याच्यानं होत नाही. तेहेतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला, करपलेलासुद्धा कधी टाकला नाही. तेव्हा उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. डॉक्टरला वाचायचं तर वाचू दे.

पहिली गोष्ट. माझ्या नातीला, कवेहिला, दुसरं उकुलेले घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. पहिलं ती सात वर्षांची असताना घेतलेलं. प्लायचं, पर्यटकांच्या दुकानातलं, वर पोपटाचं चित्र. आता पोरगी पंधराची झाली, बोटं लांबसडक झाली, तरी अजून त्या खेळण्यावरच वाजवते. शुक्रवारी समुद्राकाठच्या मांडवात म्हातारी मंडळी वाजवायला बसतात, त्यांनी परवा तिला सांगितलं, मोठ्या आकाराचं आण, टेनर आण, मग पुढच्या रांगेत बस आणि ऑगस्टच्या कार्यक्रमात आमच्याबरोबर वाजव. कवेहि लाजून हसली. मी तिथल्या तिथे मनात म्हटलं, आणणार.

दुसरी गोष्ट. काल रोशेलचा फोन आला. रोशेल माझी मुलगी, कवेहिची आई. तिला लास व्हेगसला जाऊन अकरा वर्षं झाली. हॉटेलात काम करते, तिथेच लग्न केलं, तीन वर्षांचा मुलगा आहे. तिचं म्हणणं, शाळेचं वर्ष संपलं की जुलैत कवेहिला तिकडे राहायला पाठव. कायमची. मी म्हटलं, नाही. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. आमच्यात हे कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या थोरल्या भावाला माझ्या आजीने वाढवलं, कवेहिला मी वाढवलं. दवाखान्यातून घरी आली ती माझ्या मांडीवर. विषय संपला.

ऑगस्टमध्ये जिला पुढच्या रांगेत बसायचंय ती जुलैत कशी जाईल? म्हणून पाचशे डॉलर बाजूला काढलेत. छपरासाठी ठेवले होते. गळतंय तर गळू दे, घरात बादल्या आहेत.

८ एप्रिल, शनिवार

बंदराच्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो. दोन तास उभी होते, पाय सुजले.

कवेहि घाई करत नाही हे मला आवडतं. आजोबांनी शिकवलं तसं करते. आधी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकायची, मान वाकलीये का बघायचं. मग खुंट्या फिरवून बघायच्या. मग एकेका पट्टीवर बोट ठेवून सूर तपासायचा, वरपासून खालपर्यंत, चारही तारांवर. तिचा आजोबा वारला तेव्हा ती चार वर्षांची होती. एवढं कसं लक्षात राहिलं कुणास ठाऊक.

शेवटी दोन उरली. एक तीनशे चाळीसचं. बाहेरून कोआ लाकडाचा पातळ पापुद्रा, आत प्लाय. दुसरं अख्ख्या कोआचं, अकराशे. ते परवडण्यातलं नव्हतंच, पण तिने नुसतं हातात घेऊन दोन सूर छेडले आणि गल्ल्यावरचा माणूस हिशोब सोडून बघायला लागला. माझ्या क्लॅरेन्सचंही अख्ख्या कोआचं होतं. तस्साच आवाज. रोशेल जाताना ते भिंतीवरून काढून घेऊन गेली. "बाबांची आठवण," म्हणाली. खिळा ठेवला माझ्यासाठी.

मग कवेहिने दुकानदाराला विचारलं, "काका, कोरड्या हवेत हे लाकूड चिरतं का हो?"

"चिरतं म्हणजे काय! वाळवंटात नेलंत तर एका हिवाळ्यात पुढची फळी फाटेल. प्लायला काही होत नाही."

मला हसू आवरेना. कोरडी हवा, आणि आमच्या बेटावर, हिलोत! इथे कपाटातल्या बुटांना आठवड्यात बुरशी धरते. मीठ डब्यात घट्ट बसतं ते सुरीने फोडावं लागतं. पोरगी काय काय विचार करते!

"मला हेच आवडलं, टूटू," ती प्लायच्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आवाजही बराय. खरंच, खरंच."

आता, खोटं बोलताना या पोरीला एक 'खरंच' पुरत नाही. आजोबावर गेलीये. क्लॅरेन्स बिअर पिऊन आला की दोनदाच म्हणायचा. म्हणजे हिला हवंय कोआचं, आणि माझ्या पैशांकडे बघून पोरगी मन मारतेय. न घेताच घरी आलो. मला कळायचं ते कळलं.

१२ एप्रिल, बुधवार

वर १४४, खाली ८८.

शेजारची ग्लॅडिस मालासादा घेऊन आली. डॉक्टरने तळलेलं बंद केलंय, म्हणून दोनच खाल्ले. तिला दुकानातलं सांगितलं.

"मग पोरीला विचार की, तुला खरं कुठलं हवंय म्हणून," ग्लॅडिस म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मला कळतं."

"तुला सगळंच कळतं, एर्ना. म्हणून तर तुझा रक्तदाब असा."

पण तिनेच एक कामाची गोष्ट सांगितली. वरच्या रस्त्याला हिगाकीसान राहतात ना, उकुलेले बनवणारे, त्यांच्याकडे डाग असलेली पडून असतात. त्यावर ते स्वतःचं नाव घालत नाहीत आणि दुकानातही देत नाहीत. माणूस चांगला बघून स्वस्तात देतात.

"मग मला कशाला देतील?" मी विचारलं.

"माझं नाव सांग," ग्लॅडिस म्हणाली.

१६ एप्रिल, रविवार

रोशेलचा फोन. माझ्याशी पाच मिनिटं, हवापाण्याचं. मग कवेहि फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसली. तासभर. मी भांडी घासता घासता कान दिला, पण पावसाने काही ऐकू दिलं नाही.

आत आली तर डोळे लाल. "काय गं?" म्हटलं तर म्हणे, डास होते. धूर लावायला हवा.

२२ एप्रिल, शनिवार

हिगाकीसानांकडे एकटीच गेले. घरामागे पत्र्याची खोली, आत भुशाचा वास, भिंतीभर सांगाडे टांगलेले. म्हातारा ऐंशीचा असेल, पण हात काय स्थिर! त्यांनी मागून एक काढलं. अख्ख्या कोआचं टेनर. पाठीवर काळी गाठ आणि किड्याने पाडलेलं एक भोक, तेही बुजवलेलं. पुढून बघाल तर राजाच्या घरचं वाटावं.

"आठशेला देतो," ते म्हणाले.

मी गप्प उभी राहिले. कधी कधी गप्प उभं राहिलं की काम होतं.

"तुम्ही पूर्वी शाळेत भात वाढायच्या ना? आणि मे महिन्यात फुलांचे हार करता?"

"करते."

"माझी नात यंदा शाळा संपवतेय. पाचशे द्या, आणि तिच्या समारंभाला तीस हार. निशिगंधाचे, जाडसर. गळ्यात पडतील तर नाकापर्यंत आले पाहिजेत."

मी लगेच हो म्हटलं. मग ते म्हणाले, "पण ज्याचं त्याने निवडावं हे बरं. पोरीला एकदा घेऊन या. हाताला बसतंय का बघू दे."

"तिला चकित करायचंय."

"तरी."

"हिगाकीसान, ही पोर मीच निवडलीये. तिच्या हाताला काय बसतं ते मला माहीत आहे."

त्यांनी ते जुन्या चादरीत गुंडाळून वर फळीवर ठेवून दिलं. वीस मेला न्यायचं ठरलं. येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली.

४ मे, गुरुवार

रोज हार. बोटांचे सांधे ठणकतात, पण फुलं थांबत नाहीत. या महिन्यात अख्ख्या गावाला हार लागतात. त्यात हिगाकीसानांचे तीस, ते मी समारंभाच्या आदल्या दिवशी करणार.

कवेहि शाळेतून आली की शेजारी बसते. पूर्वी कंटाळायची. यंदा तिला सगळं शिकायचंय. सुई देठातून घालायची की पोटातून, कळ्या किती वाजता तोडायच्या, ओल्या वर्तमानपत्रात किती दिवस टिकतात. परवा तर वहीत लिहून घेत होती.

"अगं, एवढी घाई काय? दर मे महिन्यात मी इथेच बसलेली असते," मी म्हटलं.

"असंच," म्हणाली, आणि खाली मान घालून ओवत राहिली. चांगलं ओवते. माझ्यानंतर धंदा सांभाळेल.

२० मे, शनिवार

आज दिलं.

जेवणाच्या टेबलावर चादरीत तसंच ठेवलं होतं. तिने गाठ सोडली आणि हात मागे घेतला. मग मानेवरून नजर टाकली, खुंट्या फिरवल्या, पाठ वळवून ती काळी गाठ बघितली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. मग वाजवायला लागली. काय सांगू! इतक्या वर्षांत या घरात असा आवाज झाला नव्हता. क्लॅरेन्स खुर्चीत बसलाय असंच वाटलं. मी ओट्याकडे तोंड केलं, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही. वळून बघते तर तीही रडत होती. हुंदके देऊन.

"आवडलं?"

"खूप आवडलं, टूटू. असलं मला कधी कुणी काही दिलं नाही." एकही 'खरंच' नाही. मी ऐकत होते.

मग डोळे पुसून म्हणाली, "हे परत करता येतं का?"

छपराची काळजी करतेय बिचारी. मी म्हटलं, "वेडी का खुळी! तीस हार गेलेत त्याचे. गप वाजव."

आता रोशेलने हवे तेवढे फोन करावेत.

२६ मे, शुक्रवार

पुढच्या रांगेत बसली! मांडवातल्या त्या खडूस म्हाताऱ्याने, जो कुणाला चांगलं म्हणत नाही, त्याने तिचं उकुलेले मागून घेतलं, वाजवलं, परत दिलं आणि म्हणाला, "अजून नवं आहे. रोज वाजव, वर्षभरात लाकडाचा आवाज मोकळा होईल. पेटीत ठेवलंस तर मुकं होईल."

कवेहिने नुसती मान हलवली. ऑगस्टच्या गाण्यांची यादी सगळ्यांनी घेतली, हिने घेतली नाही. विसरली असेल. मीच एक मागून आणली.

६ जून, मंगळवार

वर १४०, खाली ८६.

शाळा संपलीये तर पोरीच्या अंगात आलंय. माझ्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सकाळ, दुपार, जेवणानंतर, मोठ्या अक्षरांत. फोनवर चेहरा दिसतो ते कसं करायचं ते मला चार वेळा शिकवलं. "मला काय करायचंय? माझ्याकडे बघायला तू आहेस," मी म्हटलं. तरी पाचव्यांदा शिकवलं. ग्लॅडिसला घराची जास्तीची किल्ली देऊन आली.

मोठी झाली. जबाबदारी कळायला लागली.

ग्लॅडिसला हे सांगितलं तर ती काहीच बोलली नाही. ग्लॅडिस! तोंडाचा पट्टा बंद म्हणून होत नाही जिचा! बरी नसेल.

१८ जून, रविवार

रोशेल येतेय. पुढच्या शनिवारी, एकटीच, दोन आठवड्यांसाठी. तीन वर्षांनी. माझी खात्री आहे, हट्ट सोडला तिने. समेट करायला येतेय. मीही म्हातारी झाले, ताणून काय मिळणार. तिच्यासाठी डुकराचं मांस अळूच्या पानांत बांधून वाफवीन, लहानपणी तीन-तीन खायची.

२४ जून, शनिवार

वर १७१, खाली १०२.

आज लिहवत नाही.

२५ जून, रविवार

लिहिते. नाही तर छाती फुटेल.

रोशेल आली. गळ्यात घातलेला हार नीट सावरत आत आली, पायातलं दाराबाहेर काढलं, मला मिठी मारली. बारीक झालीये. जेवणं झाली. मग तिने पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. कवेहि टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली, रंग उडालेला.

टॉवेलात क्लॅरेन्सचं उकुलेले होतं. पुढची फळी तारांखालच्या घोडीपासून खालपर्यंत फाटलेली. माझं नख जाईल एवढी भेग.

"पहिल्याच हिवाळ्यात झालं, आई," रोशेल म्हणाली. "तिथली हवा. मला माहीत नव्हतं. एका सकाळी आवाज आला, फांदी मोडल्यासारखा. दहा वर्षं सांगायची हिंमत झाली नाही."

मी तिला नको ते बोलले. बापाला दुसऱ्यांदा मारलंस म्हणाले. ते आता परत घेता येत नाही.

"टूटू, तिला नको ओरडूस," कवेहि म्हणाली. "मला माहीत होतं. आईने मला मार्चमध्येच फोनवर दाखवलं होतं."

मार्चमध्ये. दुकानाच्या आधी. आणि मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खाली पडायला लागली. कोरडी हवा. प्लाय. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. ग्लॅडिसची किल्ली. न घेतलेली यादी. मी ही वही मागे उलटून वाचली आज. सगळं लिहिलंय मी. माझ्याच अक्षरात, माझ्याच हाताने, आणि मला एक अक्षर कळलं नाही.

"मला जायचंय, टूटू," ती म्हणाली. "मला आईबरोबर राहून बघायचंय. मला सांगता येईना. मी दहा वेळा सांगायला आले, तू दरवेळी काहीतरी खायला घातलंस."

मी म्हटलं, "हे घर तुझं आहे. तू या घरची आहेस. ही पद्धत आहे."

तेव्हा रोशेल बोलली. आवाज न चढवता. "मी एकोणीस वर्षांची होते, आई. तू दवाखान्यात आलीस, तिला दुपट्यात गुंडाळलंस आणि घेऊन गेलीस. पद्धत होती म्हणून मी काही बोलले नाही. माझं दूध आटायला तीन आठवडे लागले. मला कुणी विचारलं नाही. आता तिला तरी विचार."

मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

मी विचारायला हवं होतं? माझ्या आजीने माझ्या आईला कुठे विचारलं? आई काही बोलली नाही कधी. माझा थोरला भाऊ घरी यायचा तेव्हा आई त्याला आधी वाढायची आणि आम्हाला मागाहून, एवढंच आठवतं.

२८ जून, बुधवार

आज विचारलं. पायऱ्यांवर, दोघीच.

"कवेहि, तुला काय हवंय?"

वाक्य केवढंसं, पण तोंडातून निघेना. तिने उत्तर द्यायला खूप वेळ लावला. मी मध्ये बोलले नाही, बोटं दाबून बसले.

"दोन्ही," ती म्हणाली. "मला इथलं हवंय आणि आईही हवीये. माझा भाऊ मला फोनवरच ओळखतो, टूटू. पण दोन्ही मिळत नाही ना."

"आणि उकुलेले? तेव्हा दुकानात खरं कुठलं हवं होतं?"

"कोआचं," ती लगेच म्हणाली आणि रडायला लागली. "पण ते नेलं असतं तर आजोबांच्यासारखं झालं असतं. आणि न नेता इथे ठेवलं असतं तर मुकं झालं असतं. म्हणून प्लायचं बरं होतं. मी सगळा विचार केला होता."

पंधरा वर्षांची पोर. सगळा विचार केला होता. मी फक्त छपराचे पैसे काढले होते.

१ जुलै, शनिवार

हिगाकीसानांकडे तिघी गेलो. बसमध्ये दोन उकुलेले मांडीवर, एक फाटकं आणि एक धडकं.

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही, त्यांनी बजावलं होतं तेही बोलून दाखवलं. ते "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. कवेहिला म्हणाले, "एकदा वाजव."

ती बाकावर बसली आणि कोआचं वाजवायला लागली. सहा आठवड्यांत आवाज किती मोकळा झाला होता! हिगाकीसान रंधा हातात धरून तसेच उभे. रोशेल दाराशी, पाठ आमच्याकडे. वाजवून झाल्यावर कवेहिने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला, पाठीवरच्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि ते त्यांच्या हातात दिलं. "सांभाळा," म्हणाली, लेकरू दुसऱ्याकडे देतात तसं. मला ते बघवलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी देखील मी बघितलं नव्हतं, तेव्हा रोशेलच्या तोंडाकडे.

त्यांनी पाचशे परत दिले.

"आणि हार?" ते म्हणाले. "तीस हार माझ्या नातीने घालून झाले. त्याचं काय करायचं?"

मग त्यांनी क्लॅरेन्सचं उचललं, भेगेला कान लावल्यासारखं केलं, बोटाने ठोकलं. "आतून पट्ट्या लावून चिकटवतो. भेग दिसत राहील. ती नाही जाणार. पण वाजेल."

तिथून थेट बंदराच्या रस्त्यावर. तीनशे चाळीसचं ते अजून तिथेच टांगलेलं होतं. कवेहिने मानेवरून नजर टाकली, खुंट्या फिरवल्या, सगळं पहिल्यापासून. मी एक शब्द बोलले नाही.

"हेच," ती म्हणाली.

"हेच," मी म्हटलं आणि पैसे दिले.

८ जुलै, शनिवार

विमानतळ.

मी तिच्यासाठी निशिगंधाचा हार केला होता, दुहेरी. घातला. तिने तिच्या पिशवीतून एक काढून माझ्या गळ्यात घातला. चाफ्याचा, तिने स्वतः ओवलेला, पहाटे उठून, मला कळू न देता. एकही फूल दुमडलेलं नाही, गाठ मानेमागे अचूक. म्हणजे मे महिन्यात ती शिकत होती ते यासाठी. मला धंद्याचं सुचलं होतं.

रोशेलला मिठी मारताना मी तिच्या कानात म्हटलं, "दवाखान्यात मी विचारायला हवं होतं." तिने मला सोडायला वेळ लावला.

घरी येऊन भात लावला. दोघींचा लावला.

१९ जुलै, बुधवार

हिगाकीसानांनी क्लॅरेन्सचं आणून दिलं. खिळ्यावर अडकवलं. थोड्या वेळाने काढलं. तीन सूर आठवतात मला, चौथा येत नाही. बोटं दुखतात. तरी रोज पंधरा मिनिटं, नाही तर मुकं होईल.

३० जुलै, रविवार

आज चेहरा दिसणारा फोन मी लावला. पहिल्यांदाच स्वतः, पाचव्या शिकवणीचा उपयोग झाला. मागे एक छोटा मुलगा पोपटाचं उकुलेले बडवत पळत होता. जुनं त्याला दिलंय म्हणे. केस कापलेत कवेहिने. मला न विचारता. बरे दिसतात.

ऑगस्टचा कार्यक्रम तिच्याशिवाय होणार, मांडवातले सगळे तिची आठवण काढतात, तेही सांगितलं. मग मी म्हटलं, ऐक, आणि क्लॅरेन्सचं घेऊन तीन सूर वाजवले. तिने तिचं घेतलं आणि साथ धरली. आवाज मागे-पुढे येत होता, तिची साथ माझ्यापर्यंत उशिरा पोचायची. तरी वाजवलं.

"टूटू, तुझी खालची तार उतरलीये."

"पाऊस आहे इथे."

"फोन जरा खिडकीपाशी धर ना."

धरला. छपरावरचा पाऊस, बादलीतला टपटप आवाज. ती बराच वेळ ऐकत होती. हात भरून आला तरी मी फोन खाली घेतला नाही.

मग विचारलं. आता विचारते मी. "कवेहि, तिथे सुखात आहेस का गं?"

"हो, टूटू."

"माझ्यासाठी म्हणू नकोस. खरं सांग."

"खरंच."

मी थांबले. दुसरं 'खरंच' येईल म्हणून थांबले. देवा, मला ते यायला हवं होतं, हे इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. ती माझ्याकडे बघत होती, भाऊ तिच्या मांडीवर चढत होता, आणि ते आलं नाही.

"मग झालं तर," मी म्हटलं. "जेव वेळेवर."

फोन ठेवून पोटभर रडले. ओट्याकडे तोंड न करता, घरात बघायला होतं कोण? मग उतरलेली तार चढवली आणि राहिलेली पंधरा मिनिटं वाजवलं.

वर १३२, खाली ८४. डॉक्टर खूश होईल.